पाठीकडची बाजू

गल्लीत त्याला सगळे नवाकोरा म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. कुणी जुनी खुर्ची आणून दिली आणि "फक्त एक पाय बसवा" म्हणून सांगितलं, तर हा पठ्ठ्या पाय तर बसवायचाच, शिवाय जुनं पॉलिश खरवडायचा, हातांवरचे ओरखडे बुजवायचा आणि खुर्ची अशी चकचकीत करून द्यायचा की घरच्यांना तिच्यावर बसायचा संकोच वाटावा. एका बाईनं तर "ही ठीक आहे, पण आमची खुर्ची कुठंय?" असं विचारलं होतं. तो हसायचा आणि सोडून द्यायचा. हाडाचा सुतार होता. चीर दिसली, खड्डा दिसला की त्याचे हात शिवशिवायला लागायचे.

दुकान पुढं, घर मागं, मध्ये एक दार आणि दाराला पडदा. घरात बायको आणि म्हातारी आई. वडील तो अगदी लहान असतानाच गेले. माळ्यावरून फळी काढताना पाय घसरला आणि डोक्यावर पडले, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. त्यांच्या मागं हत्यारं राहिली आणि एक शिकवण राहिली, तीही आईकडून ऐकलेली: काम नेहमी दिसत नाही त्या बाजूनं सुरू करायचं. त्यांची हातोडी तो अजून वापरायचा. तिच्या गोल तोंडाची एक कड उडालेली होती. जगाचे टवके बुजवत फिरणाऱ्या या माणसाला त्या हातोडीचा टवका मात्र कधी खुपला नाही, कारण ती हातात फार छान बसायची. आई दुकानात आली की हातोडीवर फडकं टाकायची. म्हातारीला पसारा खपत नाही, असं तो धरून चालला होता.

चर्चचं छप्पर गळायला लागलं आणि वेदीच्या मागच्या भिंतीवरचा क्रूस उतरवावा लागला. त्यावरचा लाकडी येशू माणसाएवढा होता. रंग फुगून आला होता, एका पायाचं बोट कुजलं होतं. नवीन छप्पर होईपर्यंत मूर्ती दुरुस्त करायची असं ठरलं, आणि काम अर्थातच नवाकोऱ्याकडे आलं. क्रूसावरून सोडवून जुन्या गाद्यांमध्ये गुंडाळलेली मूर्ती टेम्पोतून उतरवताना चार माणसं घामाघूम झाली. पसरलेले हात दारातून आत जाईनात. शेवटी तिरकी करून आत घेतली. सुताराची बायको पडद्याआडून म्हणाली, "अहो, जरा सांभाळून. पाहुण्याला उंबऱ्यातच लागायचं."

फादर स्वतः सोबत आले होते. पातळ अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. मूर्ती टेबलावर आडवी ठेवून झाल्यावर ते म्हणाले, "पुढचं सगळं करा. पाठीला मात्र हात लावू नका."

"का बरं?"

"आमच्या आधीच्या फादरांनी मला तसं सांगितलंय. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी."

"पण कारण काय?"

"मी विचारलं नाही." फादर म्हणाले, "पाठ भिंतीकडेच असते. कोण बघतंय?"

सुतार मिस्कील हसला. तो दर रविवारी आईला चर्चच्या दारापर्यंत सोडायचा आणि स्वतः बाहेर खांबाला टेकून उभा राहायचा. आतलं प्रवचन त्याच्या कानावर पडायचं तेवढंच. "फादर, तो सगळं बघतो असं तुम्हीच सांगता ना?" तो म्हणाला.

फादर हसले नाहीत.

रात्री जेवताना आई म्हणाली, "हे काम नको घेऊस."

"आता घेतलंय, आई."

"मग बोटाचं कर, रंगाचं कर आणि देऊन टाक." तिनं ताट अर्धंच ठेवलं. एवढी भाविक बाई, दर रविवारी त्या मूर्तीच्या पायांना ओठ लावणारी. देव घरी आला म्हणून आनंदायचं सोडून हिचं तोंड का उतरलं, हे काही सुताराला कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं सवयीप्रमाणं मूर्ती पालथी घातली. नुसतं बघायला, असं स्वतःला सांगितलं. आणि बघतच राहिला.

पाठीवर तीळभर जागा साफ नव्हती. चिरा, खड्डे, ओरखडे, भाजल्याचे काळे डाग. कीड असती तर भोकं बारीक असती. उंदीर म्हणावेत तर उंदीर असे वळ उठवत नाहीत. मूळ कारागिराच्या पटाशीचं तर हे काम नव्हतंच. त्यानं पाठ मन लावून गुळगुळीत केलेली होती, ते मधूनमधून अजून कळत होतं. काही खुणा जुन्या होत्या, धुरकटून काळ्या पडलेल्या. काही इतक्या ताज्या की आतलं लाकूड पांढरंफटक दिसत होतं. भिंतीला पाठ लावून वर्षानुवर्षं टांगलेल्या मूर्तीच्या पाठीवर ताज्या खुणा कशा येतील? सुतारानं बराच विचार केला. मग, उतरवताना दोराचं घर्षण झालं असणार, असं म्हणून त्यानं सरस गरम करायला ठेवला. हात शिवशिवत होते.

त्याची पद्धत अशी. त्याच जातीच्या लाकडाचा बारीक भुसा सरसात कालवायचा, ती लांबी खड्ड्यात दाबून भरायची, रात्रभर वाळू द्यायची आणि सकाळी काचकागद मारून सपाट करायची. नीट जमलं तर बोट फिरवूनही कळत नाही की इथं कधी काही होतं. आणि त्याचं नेहमीच नीट जमायचं.

पहिली खूण त्यानं घेतली ती उजव्या दंडाच्या मागची. लहानसा अर्धगोल, त्यात ओळीनं बारीक खळगे. दातांसारखे, त्याच्या मनात आलं. लहान मुलाचे दात. त्यानं लांबी भरली आणि सकाळी घासून टाकली.

त्याच सकाळी समोरची शिंपीण ब्लाउजच्या हुकांचा डबा उघडून द्या म्हणून आली. डबा गंजून घट्ट बसला होता. तिच्या उजव्या दंडाला रुमाल बांधलेला होता आणि त्यातून लाल दिसत होतं.

"काय झालं हो?" सुताराच्या बायकोनं विचारलं.

"काही चावलं बाई झोपेत." शिंपिणीनं रुमाल जरा वर केला. अर्धगोल, ओळीनं उमटलेले दात. "घरात मी एकटी. कुत्रं नाही, मांजर नाही." मग ती उगाचच हसली. "लहानपणी मी धाकटीला असं चावले होते. अगदी इथंच. बाहुलीवरून. किती रडली होती बिचारी. इतक्या वर्षांत आठवलंही नव्हतं बघा."

सुतारानं डबा उघडून दिला. योगायोग, तो मनात म्हणाला. पण दुपारभर त्याला कामात रस वाटला नाही.

दुसरी खूण पाठीच्या मधोमध होती. भाजल्याची, काळी, खाली रुंद आणि वर निमुळती. ती भरून त्यानं घासली त्या दिवशी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला दुकान उघडायला आलाच नाही. संध्याकाळी सुतार त्याच्या घरी गेला तर तो पालथा पडलेला होता. पाठीवर इस्त्रीचा डाग, टोकासकट. बायको त्यावर मलम लावत होती आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

"कसं झालं रे?"

"मला काय माहीत? स्वतःच्या पाठीवर कुणी इस्त्री ठेवून घेतं का?" इस्त्रीवाला उशीत तोंड खुपसून म्हणाला. मग तो तसाच, उशीतच, म्हणाला, "मी पोराला लावली होती एकदा. रागात. शर्ट जाळला म्हणून. मग फादरांपुढं जाऊन खूप रडलो. वाटलं होतं, ते मिटलं."

सुतार घरी आला तो भेदरूनच. पण भेदरलेला माणूस स्वतःला दटावतोही फार. लाकूड ते लाकूड, तो म्हणाला. मी कारागीर आहे, अशा गोष्टींना भ्यायला लागलो तर गिऱ्हाइकं हसतील. पाठीला आता हात लावायचा नाही, एवढं मात्र त्यानं ठरवलं. डोक्याचं मात्र करावं लागणार होतं, कारण केस पुढूनही दिसतात. मागच्या केसांच्या कोरीव लटांमध्ये एक खोल खड्डा होता, आणि खड्डा म्हटल्यावर त्याला तो सोडवेना. गोल खड्डा, पण पुरता गोल नाही. कुणी एका बाजूनं बिस्किट कुरतडावं तसा. त्यानं लांबी भरली, अंगठ्यानं दाबली आणि वरून लटांच्या रेषाही ओढल्या. असं सुंदर काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. तो हात धुऊन झोपला.

सकाळी आई उठली तीच डोकं धरून. "जड झालंय," म्हणाली. सुनेनं चहा दिला, तो तिनं सांडला. सुतार तोवर दुकानात गेलेला. लांबी दगडासारखी वाळली होती. त्यानं काचकागद घेतला आणि घासायला लागला, हलक्या हातानं, गोल गोल. खड्ड्याची कड पुसट झाली. मग दिसेनाशी झाली.

आत काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"अहो!" बायकोची हाक. "अहो, लवकर या!"

आई पलंगाशी खाली बसली होती, भिंतीला टेकून. पांढऱ्या केसांमधून रक्त मानेवर उतरत होतं. सुनेनं तिला उचलून पलंगावर घेतलं, टॉवेल दाबून धरला. "पडल्या नाहीत हो! मी इथंच उभी होते. नुसत्या बसल्या होत्या आणि..." मग ती चपला न घालताच डॉक्टरांना आणायला पळाली.

सुतारानं टॉवेल बाजूला केला. केसांच्या मधोमध खोल जखम होती. गोल, एका बाजूनं कुरतडलेली.

तो आकार त्याच्या ओळखीचा होता. खड्डा भरताना तो त्याच्या डोळ्यांपुढं होता, पण ओळख पटली ती आत्ता. तो उठून दुकानात गेला. टेबलावर फडक्याखाली वडिलांची हातोडी होती. त्यानं ती उचलली, तोंड उजेडाकडे वळवलं, उडालेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग तिच्यासकट आत आला.

"आई," तो म्हणाला. "बाबा माळ्यावरून पडले ना?"

आईनं डोळे उघडले. हातोडीकडे पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"नाही," ती म्हणाली.

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"का?"

"भांडण झालं." तिचा श्वास तुटत होता. "कशावरून, ते आता आठवतही नाही रे. खरंच आठवत नाही. तो पाठमोरा बसला होता, रंधा मारत."

"आणि तू सगळ्यांना..."

"फादरांना सांगितलं होतं. आधीच्या आधीच्या फादरांना. मी म्हटलं, मला फाशी होऊ दे. पण तू कडेवर होतास. ते रडले, मग म्हणाले, ते पाप आता तुझ्याकडे राहिलं नाही. मी विचारलं, मग कुठं आहे? ते म्हणाले, त्याच्याकडे. त्यानं घेतलंय." आईनं पडद्याकडे पाहिलं. पडद्यापलीकडे टेबलावर तो पालथा पडलेला होता. "तू ते परत आणलंस, बाळा."

सुतार तिच्याकडे बघत राहिला. ज्या बापाचा चेहरा त्याला आठवत नव्हता, ज्याची एक शिकवण त्यानं जन्मभर उराशी धरली, ती शिकवण त्याला या बाईनं सांगितली होती. याच तोंडानं. रोज त्याला जेवायला वाढताना हिला सगळं ठाऊक होतं. हातोडी कुठली, तेही. फडकं टाकून झाकत होती. बाप गेला ते दुःख असं एकदम, सगळंच्या सगळं, आत्ता आलं.

हातोडीसकट हात कधी वर गेला ते त्याला कळलं नाही.

आईनं मान वळवली. लांब जाण्यासाठी नाही. त्याला सोपं जावं म्हणून, जखमेची बाजू त्याच्याकडे करून. आणि डोळे मिटले.

तो तसाच उभा राहिला.

मग हात खाली आला, रिकाम्या हवेतून. तो पडदा सारून दुकानात गेला.

आधी त्यानं लांबी पटाशीनं उकरून बघितली. ती हलेना. त्यानं एवढी नीट भरली होती की लाकूड कुठं संपतं आणि लांबी कुठं सुरू होते हेच सापडेना. पटाशीची धार दुमडली. आतून आईचा श्वास ऐकू येत होता, घरघरत, मध्ये थांबत.

ठोकूनच उघडावं लागणार होतं.

पालथ्या पडलेल्या त्या मूर्तीच्या पसरलेल्या हातांकडे त्यानं पाहिलं. यानं कुणाचं काय बिघडवलं होतं? पोराला भाजून माणूस निसटावा, नवऱ्याला मारून बाई निसटावी, आणि घाव सगळे याच्या अंगावर. हा न्याय नव्हता. आईचं जे होतं ते तिचं तिनंच भोगावं, हाच खरा न्याय होता, आणि त्यासाठी त्याला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं.

आतला श्वास थांबला.

"माफ कर," तो म्हणाला. कुणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आणि त्यानं घाव घातला. एकच.

आवाज लाकडाचा आला नाही.

गल्लीतून डॉक्टरांना घेऊन धावत येणाऱ्या बायकोनं तो आवाज ऐकला. दोघं आत आली तेव्हा म्हातारी पलंगावर उठून बसली होती. रक्तानं भिजलेला टॉवेल उशाशी पडला होता. डॉक्टरांनी तिचे केस विंचरल्यासारखे चारी बाजूंनी चाचपले आणि वैतागून विचारलं, "जखम कुठंय?"

जखम नव्हती. म्हातारी पडद्याकडे बघून मुकाट रडत होती.

सुतारानं त्या दिवशी आणखी दोन कामं केली. दंडाची लांबी दाभणानं एकेका खळग्यातून उकरून काढली. दात लावायची हिंमत झाली नाही. पाठीसाठी मात्र त्याला शेगडी पेटवून घरातली इस्त्री तापवावी लागली. संध्याकाळी शिंपीण रुमाल सोडून मशीनवर बसलेली दिसली. इस्त्रीवाल्यानं दुकान उघडलं. कुणी काही विचारलं नाही. तीन-चार दिवस सुतार आईशी बोलला नाही. मग एका सकाळी त्यानं तिच्या पुढ्यात चहा ठेवला आणि समोर बसून स्वतःचाही प्यायला. दोघंही चहा संपेपर्यंत गप्प होती, पण तो उठून गेला नाही.

पायाचं बोट नवीन बसवलं, पुढचा रंग झाला. काम चांगलं झालं होतं, नेहमीसारखं चकचकीत मात्र नव्हतं. मूर्ती न्यायला टेम्पो आला तेव्हा फादर पुन्हा सोबत होते. लोक गाद्या अंथरत होते, तेवढ्या वेळात त्यांनी मूर्तीच्या मानेखाली हात घातला आणि अंध माणसानं चेहरा चाचपावा तशी मागच्या केसांतून बोटं फिरवली.

ती एका जागी थांबली. मग थोडी पुढं जाऊन पुन्हा थांबली.

"इथं एकच होता," फादर म्हणाले.

"मी एकच मारला," सुतार म्हणाला. "बायकोनं ऐकलंय. एकच."

फादरांनी हात काढून घेतला आणि बाजूला झाले. सुतारानं त्या जागी स्वतःचा हात घातला. आधीचा खड्डा होता तिथंच होता, आईचा. त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, दुसरा. तेवढाच खोल, एका बाजूनं कुरतडलेला. कडेला लाकडाची एक ताजी ढलपी अजून लोंबत होती.

आई दारात उभी होती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या दिवशी मान वळवताना तिचा चेहरा जसा होता तसाच आत्ताही होता.

"चला, उचलू या?" टेम्पोवाला म्हणाला.

सुतारानं दुसऱ्या खड्ड्यात बोट घातलं. लाकूड शंभर वर्षांचं तरी असेल, वाळून खडखडीत झालेलं. आत ओल होती, कोमट.

त्यानं बोट बाहेर काढलं आणि न बघताच पँटला पुसलं.